तोंडी तीन, बोटं चार

चित्र करवतीचं होतं. काकांनी ते पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. उजवा हात मांडीवर निपचित होता, म्हणून डावा उचलला आणि हवेत तीन-चार वेळा पुढे-मागे केला. मनगट ताठ, सगळी हालचाल खांद्यातून. "का... काप... ते... हे," म्हणाले. मग चित्रावर बोट टेकवून मान हलवली. नाही. पुन्हा बोट, पुन्हा नाही. मी ठरलेली वीस सेकंदं थांबले. मग पहिल्या अक्षराचा आधार दिला, "क". मग "कर". शब्द आला नाही. तक्त्यावर शून्य लिहून मी पुढचं कार्ड घेतलं. काकांनी करवतीचं कार्ड गठ्ठ्यातून ओढून काढलं, बोट त्याच जागी ठेवलं आणि मान हलवली. मी ते बाजूला ठेवलं, त्यांनी परत घेतलं. असं तीनदा झालं. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, "आधीच्या प्रश्नात अडकून राहतात."

मेंदूला इजा झालेल्या माणसांत असं अडकणं खरोखर दिसतं. कार्ड बदललं तरी उत्तर मागचंच येत राहतं. त्यामुळे माझी ती नोंद वाचून कुणालाच काही खटकलं नसतं. ती चुकीची होती, हे मला चार दिवसांनी कळलं.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. स्ट्रोकनंतर किंवा डोक्याला मार बसल्यानंतर ज्यांची भाषा बिघडते, अशा मोठ्या माणसांना तपासणं हे माझं रोजचं काम. नातेवाईक आत येतात ते एकच वाक्य घेऊन: "यांची वाचा गेली." मराठीत या दोन शब्दांत सगळं मावतं, आणि माझं काम तिथूनच सुरू होतं, कारण वाचा जाण्याच्या वाटा पुष्कळ आहेत. कुणाच्या जिभेचे, ओठांचे स्नायू दुबळे झालेले असतात. शब्द मनात तयार असतो, पण बाहेर येताना लडबडतो. कुणाचे स्नायू ठीक असतात, पण कोणती हालचाल कशानंतर करायची याची मेंदूतली जुळणी विस्कटलेली असते. तेच अक्षर एकदा स्वच्छ येतं आणि दुसऱ्यांदा चाचपडत येतं. आणि कुणाची भाषाच दुखावलेली असते. तो वाचाघात, डॉक्टरांच्या भाषेत अॅफेजिया. त्यात बोलणं, समजणं, वाचणं, लिहिणं या चारही गोष्टींना कमी-जास्त धक्का लागतो. बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागावर अवलंबून असते आणि शरीराची उजवी बाजूही तोच भाग चालवतो, म्हणून काकांसारखा उजवा हात आणि शब्द अनेकदा एकाच दिवशी जातात. स्ट्रोक झालेल्यांपैकी साधारण तिघांतल्या एकाला सुरुवातीला वाचाघात असतो.

हे तिन्ही प्रकार एकाच माणसात एकत्रही असतात. म्हणून "बोलता येत नाही" ही नोंद मला कुणाच्याच फाइलवर पाहवत नाही.

या विषयाचा इतिहास सांगताना सगळे १८६१ सालाकडे जातात. पॅरिसलगतच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या सर्जनने एका माणसाला तपासलं. तो माणूस जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला "तां, तां" एवढंच म्हणायचा. त्याच्या मृत्यूनंतर डाव्या मेंदूच्या पुढच्या भागातली इजा ब्रोकाने दाखवली आणि त्या भागाला पुढे ब्रोकाचंच नाव पडलं. पण मला त्याच वर्षीचा दुसरा रुग्ण जास्त जवळचा वाटतो. लेलाँ नावाचे ८४ वर्षांचे म्हातारे मजूर. त्यांच्याकडे पाच शब्द उरले होते: हो, नाही, तीन, नेहमी आणि स्वतःचं अर्धवट नाव. ब्रोकाने विचारलं, मुलं किती? लेलाँ म्हणाले "तीन" आणि चार बोटं वर केली. मुलगे किती? "तीन", आणि दोन बोटं. मुली? "तीन", पुन्हा दोन बोटं. घड्याळ दाखवून किती वाजले विचारलं, तर तोंडी "तीन" आणि बोटं दहा. दहाच वाजले होते. "तीन" हा एकच शब्द सगळ्या आकड्यांचं काम करत होता आणि खरा आकडा दर वेळी बोटं सांगत होती.

दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी, कुठलीही छापील चाचणी हाताशी नसताना, ब्रोका बोटांकडे पाहत होता. माझ्या हातात छापील तक्ता होता. त्यात तोंडी उत्तराचा रकाना होता, गुणांचा होता, वेळेचा होता. बोटांचा नव्हता. पण हा दोष मी तक्त्यावर ढकलणार नाही. कोऱ्या समासात लिहायला मला कुणी अडवलं नव्हतं.

चार दिवसांनी काकांचा मुलगा आला. नवी माहिती काही निघते का पाहावी म्हणून मी त्याला सहज कार्डं दाखवत होते. करवतीवर तो थांबला. "मॅडम, हिचे दात उलटे काढलेत," तो म्हणाला. "बाबांची करवत ढकलताना कापते. तिचे दात पुढे झुकलेले असतात. हे मुठीकडे झुकलेत. अशी करवत बाबा हातात धरणार नाहीत." काकांनी आयुष्यभर सुतारकाम केलं होतं, हे माझ्या फाइलवर पहिल्याच ओळीत लिहिलेलं होतं.

म्हणजे त्या दिवशी काकांनी चित्र ओळखलं होतं, वस्तूचा उपयोग अचूक हालचालीनं दाखवला होता, चित्रातली चूक पकडली होती आणि ती मला समजावण्याचा तीनदा प्रयत्न केला होता. नव्हतं ते फक्त नाव. मी शून्य दिलं. नियमाप्रमाणे ते शून्यच. पण शेरा मी खोडला, खोडल्याची तारीख घातली आणि खाली काय घडलं ते लिहिलं. हे लिहितानाही मला त्यांनी धरून ठेवलेलं ते कार्ड डोळ्यांसमोर दिसतं.

शब्द न येणं ही एकच गोष्ट नसते, हे आम्ही शिकतो आणि घाईत विसरतो. टेबलाच्या चित्राला कुणी "खुर्ची" म्हणतं, कुणी "टेलब" म्हणतं, कुणी "ते, ज्यावर लिहितो" असं म्हणतं. तिघांनाही गुण शून्य. पण पहिला अर्थाच्या शेजारघरात शिरला आहे. दुसऱ्याला नेमका शब्द सापडला, त्याचे आवाज जागेवर बसले नाहीत. तिसऱ्याला वस्तू पुरती ठाऊक आहे, नावापर्यंत जाणारा रस्ता बंद आहे. पहिल्या अक्षराचा आधार दिला की तिसऱ्याच्या तोंडून शब्द कधीकधी एकदम निसटतो, आणि ते पाहणाऱ्या मुलाचा किंवा बायकोचा चेहरा सांगण्यासारखा असतो. तिघांचे उपचार वेगळे होणार. ज्या अहवालात "नाव सांगणे: १० पैकी ४" एवढंच लिहिलेलं असतं, त्यावरून उपचार ठरवता येत नाहीत.

समजण्याची तपासणी बोलण्याच्या तपासणीहून अवघड, असं माझं मत आहे. घरचे ठामपणे सांगतात, "त्यांना सगळं कळतं." ते खोटं बोलत नसतात. घरात बोलणं एकटं येत नाही. "चला, जेवायला" म्हणताना ताटाचा आवाज असतो, वास असतो, वेळ ठरलेली असते, बोलणारी व्यक्ती स्वयंपाकघराकडे बघत असते. माणूस उठतो आणि जेवायला बसतो. त्यात शब्दांचा वाटा किती, हे कळायला बाकीचं सगळं काढून घ्यावं लागतं. फ्रेंच डॉक्टर पिएर मारी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तीन कागदांची युक्ती वापरली: लहान, मध्यम आणि मोठा असे तीन कागद समोर ठेवायचे आणि प्रत्येकाचं वेगवेगळं काहीतरी करायला एकाच दमात सांगायचं. एक द्या, एक चुरगाळून जमिनीवर टाका, एक खिशात ठेवा. १९६२ साली एन्नियो दे रेन्झी आणि लुईजी विन्योलो या इटालियन डॉक्टरांनी याहून नेमकी गोष्ट केली. गोल आणि चौकोनी, मोठ्या आणि लहान, पाच रंगांच्या मिळून वीस सोंगट्या. "लाल गोल उचला" पासून सुरुवात, मग "लहान पिवळा गोल आणि मोठा हिरवा चौकोन", मग "आधी", "सोडून", "ऐवजी" असे शब्द. सोंगटीला वास नसतो, वेळ नसते, अंदाज बांधायला काही नसतं. वाक्यातला प्रत्येक शब्द धरला तरच हात बरोबर जागी जातो. घरी "सगळं कळतं" असं नाव असलेली माणसं इथे तिसऱ्या-चौथ्या सूचनेला थबकतात. जोडीदार शेजारी बसलेला असेल तर त्याला ते बघवत नाही. म्हणून मी सोंगट्या काढण्याआधी त्यांना सांगते की हे मुद्दाम अवघड केलेलं आहे आणि घरातलं त्यांचं निरीक्षणही खरंच आहे.

हो आणि नाही यांबद्दल मात्र मी हट्टी आहे. एका आजींचा अनुभव मी विसरू शकत नाही. त्या प्रत्येक प्रश्नाला गोड हसून "हो" म्हणायच्या. वॉर्डात रोज विचारलं जाई, "दुखतंय का?" "हो." वेदनाशामक चालू राहिलं आणि आजी दिवसभर गुंगीत राहिल्या. मी गेले तेव्हा आधी त्यांचंच नाव घेऊन "हे तुमचं नाव का?" असं विचारलं, मग दुसरंच नाव घेऊन. दोन्हींना "हो". तुम्ही बाई आहात का? हो. पुरुष आहात का? हो. त्या होकाराला उत्तर म्हणून काहीच किंमत नव्हती. तो त्यांचा समोरच्या माणसाशी चांगुलपणानं वागण्याचा मार्ग होता. हो-नाहीचे वीस प्रश्न विचारले आणि दहा बरोबर आले, तर निम्मं कळतंय असं धरायचं नसतं. नाणं उडवूनही दहा येतात. म्हणून प्रश्न जोडीने विचारायचे, सुलट आणि उलट, आणि तोंडाने "हो" म्हणताना मान काय करते, बोट कुठल्या खुणेवर जातं तेही पाहायचं. या एका शब्दावर शस्त्रक्रियेची संमती घेतली जाते, सह्या घेतल्या जातात. तो भरवशाचा आहे का, हे पहिल्याच दिवशी तपासून खाटेपाशी लिहून ठेवायला हवं. आजींना चित्रांतून दुखण्याची जागा दाखवता येत होती. त्यांचं दुखणं खांद्यात होतं आणि फक्त हात हलवतानाच.

या उलट टोकाला भरभर बोलणारी माणसं असतात. १८७४ मध्ये कार्ल व्हेर्निके या २६ वर्षांच्या जर्मन डॉक्टरने त्यांचं वर्णन केलं. चाल वाक्याची, सूर वाक्याचा, शब्द मात्र भलतेच, कधी कुठल्याच भाषेतले नसलेले, आणि ऐकलेलंही पोचत नाही. हात-पाय शाबूत असतात, त्यामुळे पाहणाऱ्याला स्ट्रोकची शंका येत नाही. "भ्रम झालाय", "डोक्यावर परिणाम झालाय" असं समजून हे लोक भलत्याच दाराशी नेले जातात.

चाचण्या बहुतेक इंग्रजीत घडल्या, आणि त्या मराठीत आणताना फार जपावं लागतं. इंग्रजीत कोण कुणाला ढकलतंय हे बरंचसं शब्दांच्या क्रमावरून ठरतं. मराठीत "मुलाने मुलीला ढकललं" आणि "मुलीला मुलाने ढकललं" यांत ढकलणारा एकच. सगळा भार "ने" आणि "ला" या दोन चिमुकल्या प्रत्ययांवर, आणि वाचाघातात नेमके तेच हातातून निसटतात. माझे काही रुग्ण आधी आलेल्या माणसालाच ढकलणारा मानतात. पहिल्या वाक्याला बरोबर चित्र दाखवतात, दुसऱ्याला चुकीचं. हा खास आपल्या भाषेतला पुरावा आहे. उलट इंग्रजी वाक्य शब्दशः उतरवून "मुलगी मुलाकडून ढकलली गेली" असं विचारलं, तर धडधाकट माणूसही क्षणभर थांबेल. दोन-तीन भाषांत वावरलेल्या माणसाला तर त्याच्या प्रत्येक भाषेत तपासायला हवं. मिशेल पॅराडिस यांनी १९८७ मध्ये द्विभाषिकांसाठी चाचणी मांडली, तेव्हा ती भाषांतरित न करता प्रत्येक भाषेसाठी नव्याने घडवावी, हाच आग्रह धरला. कोणती भाषा आधी परतेल याचा एक नियम सांगता येत नाही. कधी लहानपणची येते, कधी रोजच्या वापरातली, कधी सगळ्या बरोबरीने.

तपासणीआधीची दहा मिनिटं मी आता कुणालाही देत नाही. चष्मा कुठे आहे? ऐकण्याचं यंत्र लावलंय का, सेल आहे का? झोप झाली का? उजव्या बाजूचं दिसतंय का? डाव्या मेंदूच्या इजेत दोन्ही डोळ्यांची उजवीकडची नजर जाऊ शकते. अशा माणसासमोर चित्रं आडव्या ओळीत मांडली तर उजवीकडची त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत, आणि आपण लिहितो "शब्द कळला नाही." चित्रं उभी, एकाखाली एक मांडली की गुण बदलतात. सकाळी नऊला तपासलेला माणूस आणि दुपारी व्यायामानंतर तपासलेला तोच माणूस यांचे आकडेही सारखे येत नाहीत. पहिल्या काही दिवसांत तर चित्र इतकं झपाट्यानं बदलतं की पूर्ण चाचणी त्या वेळी करूच नये, असं मला वाटतं. तेव्हा पुरेसं असतं ते एवढंच: हो-नाही भरवशाचं आहे का, गरज सांगता येते का, गिळताना ठसका लागतो का.

मोजमाप संपलं की भाषा बरी झाली, असंही नसतं. वेस्टर्न अॅफेजिया बॅटरी या चाचणीत शंभरपैकी ९३.८ ही रेघ आहे. तिच्या वर गेलं की कागदावर वाचाघात नाही. एका ताईंना ९५ च्या आसपास गुण मिळाले. मी आनंदाने सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग अगदी सावकाश, शब्द वेचत म्हणाल्या, "मग... मीटिंगमध्ये मी बोलायच्या आत... विषय का बदलतो?" त्यांचं खरं होतं. चाचणीत मी थांबत होते, खोलीत एकच आवाज होता, चित्र समोर होतं. जगात चार जण एकदम बोलतात. पुढच्या वेळी मी चाचणी बाजूला ठेवली, त्यांच्या दोन सहकाऱ्यांना बोलावलं आणि तिघांचं वीस मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड केलं. किती वेळा त्यांनी श्वास घेऊन सुरुवात केली आणि किती वेळा दुसऱ्याने वाक्य उचललं, ते मोजलं. त्या रेकॉर्डिंगने ९५ गुणांपेक्षा मला जास्त सांगितलं. डोक्याला मार बसलेल्यांतही हेच होतं: चित्रांची नावं सगळी बरोबर, वाक्यं सरळ, पण गोष्ट सांगायला लागले की मुद्दा हरवतो, आणि घरचे म्हणतात, "हे पूर्वी असे नव्हते."

मला सगळ्यात जड जातं ते वेगळंच. चाळीस वर्षं संसार ओढलेल्या, माणसं सांभाळलेल्या कुणासमोर मी पेन धरते आणि विचारते, "हे काय आहे?" त्या क्षणी समोरच्याच्या चेहऱ्यावर जे येतं, त्याला लाज म्हणावं की संताप, मला ठरवता येत नाही. कॅनडातल्या ऑरा केगन यांनी वाचाघातात आधार देत संवाद कसा करायचा याची पद्धत घडवली. तिचा गाभा असा की तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत आहे, असं समोरच्याला आधी स्पष्ट कळू द्यायचं. मी तपासणीच्या सुरुवातीला हे मोठ्याने, त्यांच्या डोळ्यांत पाहून म्हणते. काही जणांना ते वाक्य समजत नाही. सूर बहुतेकांना समजतो.

सहा महिन्यांनी काका परत तपासणीला आले. काठी घेऊन, स्वतः चालत. वाक्यं अजून दोन-तीन शब्दांची होती. करवतीचं कार्ड निघालं. त्यांनी ते ओळखलं, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या खिशातल्या पेन्सिलीकडे डावा हात पुढे केला. मी पेन्सिल दिली. डाव्या हाताची सवय नसल्यानं रेघा थरथरत होत्या, पण एकेक दात त्यांनी पुढे झुकवून काढला, मुठीपासून टोकापर्यंत. तीन मिनिटं लागली. वीस सेकंदांचा नियम मी त्या दिवशी मोडला. त्यांनी कार्ड माझ्याकडे सरकवलं. करवत हा शब्द आलाच नाही, आणि मी "क"चा आधारही दिला नाही. रकान्यात शून्य लिहिलं आणि समासात बाकीचं सगळं.

पुढचं चित्र कंगव्याचं होतं. काकांनी ते डोळ्यांजवळ धरलं, बोट दातांवरून एकदा फिरवलं.

"बरोबर," ते म्हणाले.